ठेचून घेतलेला कान

माझा उजवा कान मोडलेला आहे. बघणारे म्हणतात, म्हातारा जुना पैलवान दिसतोय. मी व्हय म्हणत नाही, न्हाई पण म्हणत नाही. खरं सांगणारी माझी बायको होती, ती गेल्या पौषात गेली. घरात बोलायला कोण उरलं नाही म्हणून लिहून काढतोय. चार बुकं शिकलेला माणूस, चुकलं तर चालवून घ्या.

बेचाळीसच्या आधी आमच्या तालमीत पंचवीस-तीस पोरं मेहनत करायची. लाल माती, कोपऱ्यात मारुती, आणि मारुतीच्या शेजारी एका पैलवानाचा फोटो. हा आमच्याच भागातला. फोटो सांगलीत काढलेला. कमरेला लांग चढवलेली, खांद्यावर गदा, दंड असे की दोन हातांत मावू नयेत. तोच फोटो न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या हॉटेलात, गुळाच्या पेढीवर. देवाचे फोटो कमी आणि याचे जास्त.

त्यानं केस बारीक केले की साऱ्या भागानं बारीक केले. तो हात अंगापासून लांब धरून चालायचा, काखेत कलिंगडं धरल्यागत. तर काडीसारख्या दंडाची पोरंसुद्धा तशीच चालायला लागली. तो फेटा तिरका बांधायचा, उजवा कान उघडा ठेवून. कान मोडलेला, वाळल्या अंजिरासारखा. डोकं घासून घासून, मार खाऊन पैलवानाचे कान तसे होतात. त्याला वर्षं जातात.

आम्हाला एवढा दम कुठला. वस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे म्हातारे, ओरडायचे, "अंग कमवा रं गड्यांनो, कान कशापायी कमवताय?" पण वस्ताद दुपारी जेवायला गेले की आमचा धंदा सुरू. कान फळीवर ठेवायचा आणि वरनं चामडी चप्पल हाणायची. माझा कान माझ्या जोडीदारानं ठेचला. त्याचीच बहीण पुढं मला दिली. तीन दिवस ताप होता. घरी सांगितलं, डाव करताना लागलं.

अंग मात्र मी खरंच कमावलं होतं. जोर-बैठका काढून काढून मांड्या खांबासारख्या झाल्या. पण कुस्ती येत नव्हती. जत्रेत पोरासोरांच्या रेवड्यावरच्या कुस्तीच्या पुढं कधी गेलो नाही, आणि तिथंही पाठ लागायची. तरी फेटा तिरका.

मग बेचाळीस उजाडलं. भूमिगत झालेली माणसं उसात, डोंगरात हिंडायला लागली. आमच्यापासनं दोन कोसांवरच्या गावची चावडी जळाली. तलाठ्यानं जबानी दिली म्हणे, तोंडं बांधलेली होती, पण अंगानं पैलवान होते आणि कान मोडलेले होते. झालं. पोलीस कान बघायला लागले. बाजारात, मोटारीत, नदीच्या नावेवर, एकच बोलणं, "फेटा काढ." शेजारच्या गावचे दोघं नेले. त्यातला एक महिन्यानं आला, तो दंडाच्या जागी कातडं लोंबत आला. मागनं कुणी हाक मारली की अंग चोरायचा.

आठ दिवसांत साऱ्या भागातले फेटे कानाखाली आले. न्हाव्यानं फोटो उतरवला. तालीम ओस पडली. आया पोरांना दूध देईनात. पोरगं वाळलं तर वाचंल, असा त्यांचा हिशेब. ज्या अंगाची मिजास होती तेच लपवायची पाळी आली.

मी तर लय भ्यालो होतो. जेवतानासुद्धा फेटा काढत नव्हतो. बाहेर बूट वाजले की घास तोंडात फिरायचा. नवीन लग्न झालेलं. बायको म्हणायची, "आवं, चुलीम्होरं फेटा कशाला?" मी तिच्यावर खेकसायचो.

फोटोतल्या पैलवानाला मात्र लपायची सोयच नव्हती, त्याला कोण ओळखत नव्हतं? त्याला रोज चावडीवर हजेरी लावली होती. एकदा मी त्याला जाताना बघितलं. फेटा तसाच तिरका, कान उघडा. आजूबाजूला चिटपाखरू नाही. पूर्वी त्याच्या मागं पन्नास पोरं चालायची. त्यानं मला हाक मारली तर काय, या भीतीनं मी वाट सोडून शेतात शिरलो.

पुढं हळद विकायला सांगलीला निघालो. बायकोला तिच्या मावशीकडं सोडायचं होतं, ती पोत्यांवर बसलेली. बाजाराच्या तोंडाला गाड्या थटलेल्या. पुढं दोन शिपाई आणि एक हवालदार. माणसं फेटे हातात धरून रांगेनं उभी. मागं वळावं तर मागं गाड्या. बैल ओढत होते म्हणून मी पुढं गेलो.

"फेटा."

मी ऐकलंच नाही असं केलं. हवालदारानं काठीनं फेटा उडवला.

"अरं वा! पैलवान! कुठल्या तालमीचा?"

"पैलवान न्हाई सायेब. शेतकरी हाय."

"मग कान काय नांगरानं मोडला व्हय रं?"

रांग हसली. भ्यालेली माणसं कशालाही हसतात. खरं सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण मागं आमच्या गावची दोन माणसं उभी होती. त्यांच्यापुढं चपलीचं कसं सांगायचं?

हवालदार शिपायाला म्हणाला, "बसव ह्याला तिकडं."

शिपायानं दंडाला धरलं. तेवढ्यात बायकोनं पोत्यांवरनं उडी मारली. पदर सावरत थेट हवालदाराच्या पुढं.

"आवं सायेब, कसला पैलवान घिऊन बसलाय? चपलीनं कान ठेचून घेतलाय ह्यांनी. माझ्याच भावानं ठेचला. फोटूतल्या पैलवानागत दिसाया पायजे हुतं."

"खोटं बोलतीस?"

"खोटं कशाला? रेवड्याच्या कुस्तीत पाठ लागती ह्यांची. इचारा की ह्या मागच्यांस्नी, आमच्याच गावची हायती."

गावचे दोघं मान खाली घालून म्हणाले, "व्हय सायेब. खरं हाय."

हवालदारानं माझा डावा कान धरून बघितला. तो पोराच्या कानासारखा मऊ.

"एकच ठेचला? दुसऱ्याला भ्यालास?"

माझ्या आधी तीच बोलली, "ताप आला हुता न्हवं, तीन दिस."

मग मात्र सारा बाजार खदाखदा हसला. हवालदारानं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "नीघ भाड्या. फेटा उचल."

गावात मला 'चपल्या पैलवान' नाव पडलं. ते बरीच वर्षं चिकटलं. पुढं इंग्रजांचं राज्य गेलं, तालमी पुन्हा घुमायला लागल्या, पोरांचे फेटे तिरके झाले. मी तालमीची पायरी पुन्हा चढलो नाही. खाकी कापड दिसलं की अजून माझा हात डोक्याकडं जातो.

पण ही गेल्यापासनं मला आठवतंय ते त्याच दिवशीचं, बाजारातनं सुटल्यानंतरचं. मावशीच्या दारात गाडी थांबल्यावर म्हणालो, "चारचौघांत लाज काढलीस."

ती म्हणाली, "बरं. जावा माघारी, सांगा त्यास्नी, पैलवान हाय म्हणून."

आणि खाली उतरली ती उंबऱ्यावरच बसली. उठेना. गुडघे लटलट कापत होते. ती दोन्ही हातांनी ते दाबून धरत होती. मावशी बाहेर आली, "काय झालं गं?"

"काय न्हाई. गाडीत पाय अवघडलं."

मी सगळं बघितलं होतं. मी बैल सोडले आणि पाणी पाजायला नदीवर नेले.