दगड झालेलं लाकूड आणि कुंभारे सर

दगड गोळा करणाऱ्या माणसाकडे दगड कमी आणि किस्से जास्त जमतात. आमच्या हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे कुंभारे सर होते, त्यांच्यामुळे मला हे कळलं. नव्वदच्या दशकात मी तिथं नवा लेक्चरर. सरांना एकच नाद, अश्मीभूत लाकूड! कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं आणि हळूहळू पार दगड झालेलं झाड. त्यातली वाढीची वलयं पाहून तेव्हाचं हवामान ओळखायचं, हे सरांचं काम. पोतं उचलायचं, हे माझं.

*

एकदा डोंगरकडा गावाहून एसटीनं परत येत होतो. कंडक्टरनं पोत्याला लाथ मारून पाहिली. पायाला लागलं.

"काय हाय यात?"

"लाकूड," सर म्हणाले.

"गुरुजी, दगड हाय हा!"

"आत्ता दगड आहे. आधी लाकूड होतं."

कंडक्टरनं पंच वाजवला. "मंग लगेज कशाचं फाडू? आत्ताचं का आधीचं?"

*

एका गावात ओढ्याकाठी एक म्हातारी धुणं धूत होती. सर थबकले. ती ज्याच्यावर लुगडं आपटत होती, ते चांगलं हातभर जाडीचं खोड होतं!

"आजी, हा दगड नाही, झाड आहे झाड!"

म्हातारीनं सरांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तीस वर्सं झाले, रोज पानी घालून राहिले. एक पान फुटलं न्हाई!"

*

दगडाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. कॉलेजात कटर नव्हता. मग आम्ही गावातल्या फरशीवाल्याकडे गेलो. तो थडग्यांचे, समाध्यांचे दगडही घडवायचा. त्यानं गंभीर होऊन वही काढली.

"नाव काय टाकायचं?"

"नाव अजून ठरायचंय," सर म्हणाले. झाडाची जात ओळखायची होती ना!

फरशीवाला चपापला. "गुजरून किती दिवस झाले?"

"दिवस कुठले! साडेसहा कोटी वर्षं झाली असतील."

त्यानं वही मिटली. "मंग सर, आज लाइट न्हाई. उद्या आलं तर चालंल ना?"

*

दुसऱ्या दिवशी त्यानं काढून दिलेला तो काप मात्र सरांना फळला. त्यात वलयं दिसेनात! सर वर्गात अक्षरशः नाचले. वलयं नाहीत म्हणजे झाडाची वाढ कधी थांबलीच नाही. उन्हाळा-पावसाळा असा भेदच नव्हता, बारा महिने ओल! एका साप्ताहिकानं बातमी छापली: 'आपल्या भागात बारमाही पाऊस, प्राध्यापकांचा शोध'. 'कोट्यवधी वर्षांपूर्वी' हे शब्द जागेअभावी गळले.

पंधरा दिवसांनी आमच्या डिपार्टमेंटच्या दारात रिकाम्या घागरी घेऊन तीसेक बायामाणसं उभी! बंजाऱ्यांच्या ज्या तांड्याजवळ ते लाकूड सापडलं, तिथली. पुढं रामू नाईक, तांड्याचे प्रमुख. त्यांच्या हातात टँकरसाठी केलेला अर्ज. तो परत आला होता, बातमीचं कात्रण टाचून! खाली शेरा: 'सदर भागात बारमाही पाऊस असल्याने टँकरची आवश्यकता दिसत नाही.'

नाईक शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या बाया दोन कोस चालून पानी आनून राहिल्या. तुमचा पाऊस तेवढा वापस घ्या."

सरांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर स्वतः पत्र लिहिलं: 'सदर पाऊस कोट्यवधी वर्षांपूर्वी बंद झाला आहे.' सही केली, शिक्का मारला, आणि नाईकांना आणि मला घेऊन तहसील कचेरी गाठली.

टँकर चौथ्या दिवशी तांड्यावर पोचला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याआधी टेबलामागच्या क्लार्कनं ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर चढवला. कात्रण पाहिलं, अर्जावरची तारीख पाहिली, आणि नाईकांवरच डाफरला.

"पाऊस कोट्यवधी वर्सांमागं बंद झाला, आन् अर्ज आता? इतका उशीर काहून?"

सर काही बोलणार, तेवढ्यात नाईकांनी हात जोडले.

"चुकलं, साहेब. वाट पाहून राहिलो होतो."