पहिल्या दळणाची खळ

दळून आणलेल्या गरम पिठाचा डबा उघडला की मी आजही नदीकाठच्या मोहन्यात पोचते.

पूर ओसरल्यावर आम्ही मैत्रिणी डोंबिवलीहून तिथे पूरग्रस्तांना गहू वाटायला गेलेलो, मोठ्या तोऱ्यात. गिरणीवाल्या मावशी म्हणाल्या, "वाटा की. पण दळायचं कुठे, माझ्या डोक्यावर?" त्यांच्या गिरणीत गुडघाभर चिखल होता.

वाटप सोडून आम्ही घमेली उचलली. चौथ्या दिवशी दुरुस्त होऊन आलेली मोटर बसवली आणि पट्टा फिरला. पहिल्या पिठात कचकच होती, म्हणून मावशींनी ते कुणालाच दिलं नाही. मला हळहळ वाटली. त्यांनी मात्र त्याची खळ शिजवली आणि दारावर कागद चिकटवला: 'गिरणी चालू आहे'.

खळ वाळायच्या आत अख्खी गल्ली डबे घेऊन रांगेत उभी होती.