रफिकभाईंच्या सोलोला मिळालेली दाद

ऑर्केस्ट्रात सात-आठ वर्षं काढलेला माणूस कुठंही चहाला बसला की किस्से सुरू होतात. आमच्याकडं ते साठले रफिकभाईंमुळे. मी कोंगो वाजवायचो, ते इलेक्ट्रिक गिटार. नांदेडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. कार्यक्रम ठरला की शटर ओढून आमच्या टेम्पोत. गाण्याच्या मधे गायिका थांबायची आणि भाई तीन-चार मिनिटं एकटेच वाजवायचे. त्या सोलोवर लोकांचा लई जीव होता. का, ते भाईंना कधी नीट कळलं नाही. मलाही न्हाई.

* * *

लोह्याचा कार्यक्रम संपला तसे एक म्हातारबा स्टेजजवळ आले. भाईंचा हात धरून म्हणाले, "शाबास. बाईची इज्जत राखलीत."

"कसं काय, बाबा?"

"बाई मधीच गाणं इसरली न्हाई का? तिला आठवस्तोवर तुम्ही वाजवून राहिलात. कुणाला कळू दिलं न्हाई."

भाईंनी परोपरीनं समजावलं, की ते आधीपासून तसंच बसवलेलं असतं. म्हातारबा हसले. "हाव, हाव. असंच सांगावं माणसानं."

* * *

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. गल्लोगल्ली आनंदाचे कार्यक्रम. अशाच एका संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, भाईंचा सोलो रंगात आला आणि वीज गेली. अॅम्प्लिफायर बंद. त्या गिटारीचा आवाज आता माझ्यापर्यंतही येईना. वीज येईल या आशेनं भाई थांबले नाहीत, म्हणून मीही हळू ठेका धरून राहिलो. पुढची माणसं मान उंचावून गप्प बसलेली. भाईंनी सोलो संपवला आणि टाळ्यांचा कडकडाट.

कापडदुकानवाले शिवलिंगअप्पा पहिल्या रांगेतून उठून आले. "भाई, लाजवाब."

"अप्पा, ऐकू कुठं आलं?"

"ऐकू न्हाई आलं. बोटं दिसली की."

नांदेडला परतताना टेम्पो अहमदपूरला चहासाठी थांबला. तिथं भाई मला म्हणाले, "दिगंबर, मग मी आवाज कशाला करतो?"

* * *

धर्माबादला नरसय्याशेठ म्हणून मिरचीचे व्यापारी होते, तेलुगू घरचे. ते आमच्या मागं देगलूरला आले, नांदेडला आले. धर्माबादच्या कार्यक्रमानंतर त्यांनी भाईंना बाजूला घेतलं.

"अन्ना, तीन गावांत तुम्ही तीन तऱ्हेचं वाजवलं. यातलं बरोबर कोणतं?"

भाईंनी हे मनाला लावून घेतलं. धर्माबादचा सोलो आठवून आठवून दुकानात पाठ केला आणि पुढच्या वेळी सूर न् सूर तसाच वाजवला. शेठ ऐकायला होतेच. जाताना काळजीनं म्हणाले, "अन्ना, आज तब्येत बरी न्हाई का?"

* * *

दुष्काळातली गोष्ट. हदगावकडच्या एका गावात दुपारी चारचा कार्यक्रम. शाळेसमोर सगळं गाव बसलेलं. भाईंचा सोलो सुरू झाला आणि रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. दोन मिनिटांत मैदान रिकामं. हंडे, कळशा, डबे घेऊन सगळे तिकडं. भाईंनी हात थांबवला.

रांगेतून एक बाई ओरडली, "थांबू नका, भाऊ. हिकडं ऐकू येऊन राहिलंय."

भाई रांगेकडं तोंड करून वाजवत राहिले. त्या दिवशी रांगेत भांडण झालं नाही, असं सरपंचांनी नंतर सांगितलं.

सोलो संपवून भाई गिटार ठेवून खाली उतरले, तर समोर एक आजी. हातात भरलेला तांब्या. भाईंनी प्यायला ओंजळ पुढं केली. आजीनं मानेनंच नको म्हटलं, त्यांची बोटं सरळ केली आणि सावकाश सगळं पाणी त्यांच्या दोन्ही हातांवर ओतलं. पाणी मातीत गेलं.

"आजी, वाया गेलं की."

"कुठं वाया गेलं?" आजी म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.