दुसऱ्या यंत्राची नोंद

विशाखा कुणाच्याही खोलीत शिरली की आधी वस्तूंवरच्या तारखा वाचते. लातूरला ती आणि दीपमाला एका खोलीत राहतात. दीपमालाची खोकल्याच्या औषधाची बाटली तिनं दोनदा फेकली आहे.

"हिला पाहायला येणाऱ्यानं पाठीवर तारीख छापून यावं," दीपमाला म्हणते.

"पुसट असली तर चालणार न्हाई," विशाखा म्हणते.

तिची नोकरीच तशी. विमानतळावर वैमानिक घडवणारी एक शाळा आहे. तिथल्या विमानांतली दिशादर्शक यंत्रं विशाखा सांभाळते. ढगात शिरल्यावर वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. तो यंत्रातल्या नकाशावर चालतो. आकाशातल्या वाटा, वळणं, ठरलेल्या उंच्या बदलत असतात, म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी नवा नकाशा भरावा लागतो. जुना गुरुवारी पहाटे साडेपाचला संपतो. त्यानंतर त्याच्यावर विसंबून ढगात जाणं बेकायदा. हे विशाखा इतक्या आनंदानं सांगते की ऐकणारा घड्याळ बघतो.

तिचे वडील व्यंकटराव कंधार डेपोत कंडक्टर होते. थांबा यायच्या आधीच ते कागद भरून ठेवत. अंदाज कधी चुकला नाही म्हणतात. विशाखानं ती सवय उचलली. आधी कागद, मग काम.

त्या गुरुवारी सकाळी सातला शिवमची परीक्षा होती. बाहेर न बघता, निव्वळ यंत्रांवर विमान चालवायचं. परीक्षक रामलिंग सर परगावाहून आले होते आणि दहाला परत जाणार होते. पुढची संधी दोन महिन्यांनी. शिवम आठवडाभर नीट जेवला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी विशाखानं त्या विमानातल्या दोन यंत्रांची वही लिहिली. 'दोन्ही यंत्रांत नवा नकाशा भरला, तपासला.' तारीख गुरुवारची. सही. मग विमानात बसून पहिल्या यंत्रात नकाशा भरला. दुसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात भांडार सांभाळणारे सुदर्शनभाऊ समोरून गेले. त्यांच्या ताब्यातल्या आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपत आली होती. विशाखा खाली उतरली.

"ताई, नऊ दिवस हायेत की अजून."

"आठ. आजचा दिवस धरू नका."

हे पटवायला तिला पंधरा मिनिटं लागली. पटल्याच्या समाधानात दुसरं यंत्र विसरून तिनं नकाशे भरायचा लॅपटॉप त्यांच्या कपाटात ठेवला आणि घरी गेली. सुदर्शनभाऊ किल्ली खिशात घालून जळकोटला लग्नाला गेले.

सकाळी पावणेसहाला तिनं यंत्रं सुरू केली. पहिल्यावर नवी तारीख. दुसऱ्यावर एकच ओळ. मुदत संपली.

वहीत मात्र दुसऱ्यातही नवा नकाशा होता. तिच्याच अक्षरात.

तिनं सुदर्शनभाऊंना फोन लावला. "अजून हळदीचे हात हायेत, ताई," ते म्हणाले. "पहिली एसटी धरली तरी नऊ वाजतील."

मुख्य प्रशिक्षक हणमंतराव चहा घेऊन आले. त्यांनी यंत्र बघितलं, वही बघितली.

"वही बरोबर हाय," ते म्हणाले. "यंत्रच चुकून राहिलं."

"सर."

"पहिलं चालू हाय ना? दुसऱ्यात नऊला भर. कोण बघतंय? पोराचे दोन महिने जातील, विशाखा."

शिवम बाजूलाच उभा होता. त्यामुळं उत्तर देणं अवघड झालं.

तीन वर्षांच्या त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. नवीन आलेल्या प्रत्येकाला विशाखा ती दाखवायची. बघायला नको म्हणणाऱ्यालाही.

तिनं नियमावली काढली. हे विमान एका यंत्रावर परीक्षेला जाऊ शकत होतं. पण दुसरं बंद करून त्यावर चिठ्ठी लावायची आणि कारण वहीत लिहायचं, अशी अट होती.

तिनं आपल्या नोंदीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'दुसऱ्या यंत्रात नकाशा भरलेला नाही. वरची नोंद काम करण्याआधी केली होती.' वेळ सहा वीस. सही. मग यंत्रावर चिठ्ठी चिकटवली. 'वापरू नये.'

शिवमनं चिठ्ठी वाचली. "म्हंजे परीक्षेत सरांनी मुद्दाम पहिलं बंद पाडलं तर मला दुसरं न्हाई?"

"न्हाई. रेडिओवर दिशा दाखवणारा जुना काटा हाय."

"तो काटा लई लाजतो, ताई. हलता हलत न्हाई."

"मग त्याच्याकडं जरा प्रेमानं बघ."

रामलिंग सरांनी आधी वहीच मागितली.

"रेघ कुणाची?"

"माझी."

"आधीची नोंद?"

"तीबी माझीच."

"खोटी होती?"

"आधी लिहिली होती, सर. काम नंतर करणार होते."

"म्हणजे?"

"खोटी होती."

सरांनी वही मिटली आणि ते विमानात चढले.

सव्वा तासानं विमान उतरलं. शिवमचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"वर गेल्या गेल्या सरांनी पहिलं बंद केलं," तो म्हणाला. "तुमची चिठ्ठी वाचली, हासले आन् केलंच बंद."

"मग?"

"काट्यावर आलो."

"पास?"

"पास. पर दोन दिवस तुमच्याशी बोलणार न्हाई."

"शनिवारी सकाळपर्यंत," विशाखा म्हणाली.

जाताना रामलिंग सरांनी तिच्या रेघेखाली सही केली. तिच्या नावानं एक लेखी समजही ठेवली. हणमंतरावांनी ती वाचून तिच्याकडं दिली आणि चहा मागवला.

सुदर्शनभाऊ नऊला आले, हात पिवळेच. विशाखानं लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्या यंत्रात नकाशा भरला. पडद्यावर नवी तारीख आली. तिनं ती दोनदा वाचली. मग पेनाचं टोपण काढलं.