अकोल्याचं चर्च आणि मी लपवलेलं पोस्टकार्ड

साठ-बासष्ट सालची गोष्ट. आम्ही अमरावतीत राजापेठेत राहायचो. आमचे हे जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं करायचे, आणि तो अख्खा उन्हाळा ते अकोल्याच्या एका चर्चवर होते. एडवर्ड बादशहाच्या आमदानीत गोऱ्या साहेबांसाठी बांधलेलं. घरी आले की त्याचंच कौतुक, आणि दर दोन वाक्यांनी सुशीलाबाई. चर्चची देखरेख करणारी ही शाळामास्तरीण.

"बाईले एकदा सांगतलं की समजते," हे म्हणायचे.

मी माळ्याची पोर, चौथी शिकलेली. मला त्यांनी कधी काही सांगून पाहिलंच नव्हतं.

पावसाळ्यात तिचं पोस्टकार्ड आलं. पूर्वेच्या खिडकीवरच्या कमानीला भेग पडली आहे, लवकर येऊन बघा. अक्षर इतकं देखणं, की ते पाहूनच मी कार्ड तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसलं.

दिवाळीनंतर मीच हट्ट धरला. "मले ते चर्च पायचं हाये." खरं तर बाई पाहायची होती.

सकाळच्या एसटीनं निघालो. आता तुम्ही दोन तासांत पोचाल. तेव्हा चार लागायचे आणि धुळीनं केस पांढरे व्हायचे. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तिथं चहा आणि गरम भजी घेतली. भाकरी-ठेचा सोबत होताच.

चर्च बाहेरून काळ्या दगडाचं, ठेंगणं, भिंतींना जाड दगडी टेकू दिलेलं. आत मात्र मान वर गेली ती खाली येईना. सागवानी छप्पर पालथ्या घातलेल्या नावेसारखं, आणि दोन्ही बाजूंना टोकदार कमानींची रांग. माझा राग मी क्षणभर विसरले.

सुशीलाबाई आली. तिशीची, कुरळ्या केसांची, सुरेखच. कमानीकडे बोट करून मला म्हणाली, "हा कळीचा दगड. हा सरकला की कमान बसलीच समजा. मला यांनीच शिकवलं." 'यांनीच' शब्द कानात रुतला.

मग तिनं पूर्वेची खिडकी दाखवली. वरच्या भागावर गोणपाट ठोकलेलं होतं. "पावसात भेग वाढली आणि निळी काच खाली आली. माझं कार्ड मिळालं नाही का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरची चोरी लपण्यासारखी नव्हती.

"मिळालं होतं, बाई," हे म्हणाले. "मीच इसरलो."

"तुम्ही विसराल असं वाटलं नव्हतं," ती हळू म्हणाली.

त्यांच्या कामाला कुणी नावं ठेवलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते माझ्यामुळे. दुपारभर ते कमानीला लाकडी आधार देत राहिले आणि मी बाकावर मान खाली घालून बसले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "काहून?"

"तुमी तिच्याशी बोलता तसं माह्याशी बोलत नाई."

 मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवून त्यांनी कमान केली. "वरून दाब." मी दाबलं. हात फाकले नाहीत. "आता मधली बोटं काढतो, म्हंजे कळीचा दगड. दाब." हात कोसळले. बडनेरा येईस्तोवर आम्ही तेच करत होतो.

कमान त्यांनी पुढे नीट केली. निळी काच मिळाली नाही, तिथं साधी बसवली.

हे गेल्यावर मी मुलीसोबत पुन्हा जाऊन आले. तुम्ही गेलात तर रविवारची प्रार्थना आटोपल्यावर जा आणि विचारून आत शिरा. तेव्हा ऊन छपरापर्यंत पोचलेलं असतं. मुलीला मी प्रत्येक भाग नावानिशी सांगितला. "आई, तुला हे सगळं कसं माहीत?" ती म्हणाली.

बाबांनी शिकवलं, म्हटलं. खरंच शिकवलं, वर्षानुवर्षं, हौसेनं. पण त्यातला एकेक शब्द त्यांनी आधी तिला सांगितला होता, आणि ते मला अजून खुपतं.