ड्रॅगच्या गाडीला साडीगार्ड

साळवे मावशींमुळे मी इंजिनिअर झालो, आणि इंजिनिअर झालो म्हणूनच त्या सकाळी अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एका फर्निचरवाल्याला हातगाडीच्या भाषेत मोटरसायकल समजावून सांगत होतो.

"काका, समजा हातगाडीवर कपाट आहे. उभं, आणि मागच्या कडेला. गाडी एकदम पुढे ओढली तर?"

"दांडा वर जाईल. कपाट मागे पडेल," लालचंदकाका म्हणाले. "साईं, आयुष्य गेलं यात."

"मग तुम्ही काय करता?"

"कपाट आडवं करतो. नाहीतर लांब गाडी घेतो."

"हरीशला तेच करून पाहिजे. गाडी खाली बसवायची आणि लांब करायची."

काकांनी मुलाकडे पाहिलं. "असं सरळ सांग ना, पुट! घरी येऊन नुसता बोलतो, पापा, व्हीलबेस, व्हीलबेस. मला वाटलं, कसली बिमारी झाली."

काकांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये फर्निचरचं दुकान. आमच्या ऑफिसच्या खुर्च्या त्यांच्याकडच्या. त्या ओळखीवर हे काम आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आलं होतं. दोन हजार सहा-सात सालचा सुमार. हरीशला ड्रॅग रेसचं वेड होतं. ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागला की सुटायचं. वळण नाही, काही नाही. शहराबाहेरच्या एका बंद धावपट्टीवर अशा शर्यती व्हायच्या. हरीशने क्लच सोडला की गाडीचं पुढचं चाक हवेत जायचं. मग घाबरून तो थ्रॉटल कमी करायचा आणि शेजारचा निघून जायचा.

काकांची एकच अट होती. "सकाळी मला दुकानात हाच सोडतो. माझे गुडघे गेलेत. मी मागे बसू शकलो नाही तर गाडी विकणार. रेस-बिस खतम."

आमचे मालक राणेसाहेब माझ्याकडे वळले. "मिलिंद, ऐकलंस ना? दोघांची गाडी एकच."

"हो, सर."

इथे साळवे मावशींबद्दल सांगायला हवं. बदलापूरला आमच्या वस्तीतल्या विहारात त्या अभ्यासिका चालवायच्या. स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांचा नियम होता. धडा झाला की वही मिटायची आणि त्यांना समजेल असं सांगायचं. मी त्यांना लसावि समजावला, पुढे घर्षण समजावलं, अकरावीत टॉर्कसुद्धा समजावला, तो दाराच्या कडीवरून. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता मला पटलं. पान उलट." बारावीनंतर वडील मला त्यांच्या केमिकल कंपनीत चिकटवणार होते. मावशी घरी आल्या, चहा न घेता बसून राहिल्या आणि वडील हो म्हणाले तेव्हाच त्यांनी कपाला हात लावला. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिला. त्यामुळे गिऱ्हाईकाला काम समजलं नाही तर मला आजही पान उलटवत नाही.

आम्ही कामाला लागलो. मागचं चाक ज्या दांड्यात बसतं त्याला स्विंगआर्म म्हणतात. बरेच जण मूळचा स्विंगआर्म कापून मध्ये तुकडा जोडतात. मी तसं करू दिलं नाही. जाड चौकोनी पाइपचा नवा, लांब स्विंगआर्म बनवला आणि मूळचा ग्रीस लावून जपून ठेवला. चेन वाढवली. ब्रेकचा रॉड वाढवला. पुढचं चाक धरणारे फोर्क क्लॅम्पमधून थोडे वर सरकवले, म्हणजे गाडीचं नाक खाली आलं. मागे कमी उंचीचे पण कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले, कारण चाक मागे गेलं की त्याच शॉकवर जोर वाढतो. गाडी बुटकी झाली की साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला कलंडते, म्हणून तोही कापून घेतला. काकांच्या वजनाचा हिशेब धरायला आमच्या स्टोअरकीपरला मागे बसवून सगळे स्पीडब्रेकर पार केले. तो अंगाने काकांसारखाच. टायर कुठे घासला नाही. मी खूश होतो.

डिलिव्हरीला काका स्वतः आले. पांढरा कुर्ता, घेरदार पांढरा पायजमा. आधी त्यांना घराच्या ओट्यावर चढून, हरीशचा खांदा धरून, कण्हत पाय पलीकडे टाकावा लागायचा. त्या दिवशी त्यांनी सीटची उंची पाहिली, पाठ फिरवली आणि सोफ्यावर बसावं तसे आडवे बसले. दोन्ही पाय डावीकडे.

"वा!" काका म्हणाले. "असं तर मी कल्याणपर्यंत जाईन."

हरीशने गाडी सुरू केली. मी धावत जाऊन किल्ली बंद केली.

चेन डावीकडे होती आणि पूर्ण उघडी. जुनं चेनकव्हर लांब स्विंगआर्मला पुरेना, म्हणून आम्ही ते काढून टाकलं होतं. डाव्या बाजूची साडीगार्डची जाळी हरीशने आधीच भंगारात दिली होती. आम्ही मोजमाप धरलं होतं ते दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या माणसाचं. गाडी खाली आणल्यावर गुडघे दुखणारा माणूस आडवा बसेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काकांचा पायजमा चेनपासून चार बोटांवर लोंबत होता.

"जाळी लागेल," मी म्हणालो.

"सर, मजाक करताय का?" हरीश म्हणाला. "ड्रॅगच्या गाडीला साडीगार्ड? अख्खा कॅम्प हसेल."

काकाही बिघडले. "ते लेडीजचं असतं. मी काय नवी नवरी आहे?"

दोघांचं एकमत मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होतो.

मी वाद घातला नाही. गाडी घोडीवर चढवली, इंजिन चालू करून मागचं चाक फिरतं ठेवलं आणि काठीच्या टोकाला जुन्या धोतराचा तुकडा बांधून चेनजवळ नेला. चेनने तुकडा ओढला, काठी माझ्या हातातून हिसकावली गेली आणि स्प्रॉकेटच्या दातांत मोडली. मी इंजिन बंद केलं.

हरीशने वडिलांच्या पायजम्याकडे पाहिलं. "कधीपर्यंत होईल, सर?" त्याने हळूच विचारलं.

"उद्या. हाताने फिरणारे नट लावतो. शर्यतीला काढायची, घरी जाताना लावायची. पण पापा मागे असताना जाळी नाही, असं चालणार नाही."

"नाही चालणार," हरीश म्हणाला.

काका मात्र अजून फुगलेले. तेव्हा राणेसाहेबांनी तोड काढली. "मिलिंद, बिलावर साडीगार्ड लिहू नको. चेन सेफ्टी असेंब्ली लिही."

"हां," काका म्हणाले. "हे बरोबर वाटतं."

पुढच्या शर्यतीला काका हट्टाने हरीशच्या मागे बसून गेले. मीही गेलो. स्टार्ट लाइनच्या अलीकडे हरीशने जाळी काढून काकांच्या हातात दिली. दिवा हिरवा झाला. गाडीचं पुढचं चाक जमिनीवरच राहिलं आणि हरीश सरळ निघाला. पहिली फेरी त्याने जिंकली. काका ती जाळी डोक्यावर धरून नाचवत होते, गुडघे विसरून. दुसऱ्या फेरीत तो हरला. शेजारची गाडी मोठी होती, त्याला माझा स्विंगआर्म काय करणार? परतताना काकांनी स्वतः वाकून नट आवळले, दोनदा तपासले आणि मग बसले. पुढे कॅम्पातली आणखी दोन पोरं लांब गाड्यांसाठी आमच्याकडे आली. दोघांनी चेन सेफ्टी असेंब्ली मागितली.

तेव्हापासून टेप हातात घेण्याआधी मी विचारतो, मागे कोण बसणार आणि कसं बसणार.

त्याच वर्षी मावशींना मी पत्र पाठवलं. त्या तेव्हा लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या.

"ती. साळवे मावशींस,
सप्रेम जय भीम.

खरवईला एक खोली-किचनचं घर घेतलंय. पौर्णिमेला वंदना ठेवली आहे. तुम्ही आल्याशिवाय दार उघडणार नाही, आईनेही तसंच सांगितलंय. मला घरी थांबावं लागेल, म्हणून बदलापूर स्टेशनवर माझा मित्र हरीश गाडी घेऊन येईल. गाडी फार लांब आणि फार बुटकी आहे, बघून घाबरू नका. ती तशी का केली ते तुम्हाला समजेल असं सांगेन, मग चहा घेऊ. तुमचे गुडघे दुखतात असं ताईने फोनवर सांगितलं. चढायला त्रास होणार नाही. पाठ फिरवायची आणि आरामात आडवं बसायचं. पदराची काळजी करू नका. जाळी लावलेली असेल, नट मी स्वतः तपासून देईन.

आपला,
मिलिंद"