चुकलेल्या सालाच्या मागावर उमरठला

"मामा, उमरठला सोडशील का?" भाचीने, मेघनाने, विचारलं आणि मी गाडी काढली. कारण वाईच्या पुढे कळलं. माणूस आणि संगणक यांनी भागीदारांसारखा मिळून विचार करावा, ही कल्पना आपल्या विद्यापीठांत कशी पसरली, यावर ती पीएचडी करते आहे. ती कल्पना मांडणाऱ्या परदेशी लेखाचं साल कितीतरी प्रबंधांत चुकलंय, आणि सगळीकडे चूक एकच. म्हणजे मूळ लेख न उघडताच एकमेकांचं पाहून उतरवलेलं. सर्वांत जुना प्रबंध उमरठला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. चूक त्यांच्यापासूनच सुरू झाली का, हे फक्त तेच सांगू शकत होते. त्यावर तिचं अख्खं प्रकरण उभं होतं.

"आणि माझे गाइड त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्याही प्रबंधात तेच साल आहे."

"त्यांना सांगितलंस?"

"धीर झाला नाही."

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरताना धुकं होतं. पावसाळ्यात हा घाट टाळा, दरडी येतात. थंडीत मात्र सावकाश उतरा. वळणावर समोर काहीच नसतं, मग एक झाड येतं, मग पुन्हा काही नाही. खाली कुठेतरी सावित्री वाहत असते.

पोलादपूरला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं, दोघांचं मिळून तीनशेच्या आत. पुढचा रस्ता अरुंद, पण बरा. उमरठात एका बाईंना सरांचं घर विचारलं.

"सर सकाळपासून अंगणात बसलेत वाट बघत. गाडी हितंच लावा, पुढं नाय जायाची."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"बरी हाय गो. बोलायला माणूस नाय, येवढंच. आता तुम्हाला लवकर सोडायचे नाय."

सर खरंच अंगणात होते. मेघना प्रश्नाभोवती बराच वेळ घोटाळली, तेव्हा तेच म्हणाले, "साल चुकलंय ना? लेख आमच्या ग्रंथालयात नव्हताच. एका परिषदेत चहा पिताना कुणीतरी त्याबद्दल सांगितलं. साल मी अंदाजाने टाकलं. किती जणांनी उतरवलं?"

"बऱ्याच जणांनी, सर."

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "आणि मी जन्मभर कॉप्या पकडल्या." मग शांतपणे म्हणाले, "वर्गात मी सांगायचो, मोजदाद यंत्राला करू दे, प्रश्न तू शोध. ते काही चुकीचं नव्हतं."

"तुमचं नाव घालू?"

"घाल. पण तुझ्या गाइडला आधी सांग. हळवा आहे तो. छापलेलं वाचून कळायला नको."

परतताना आम्ही महाडवरून ताम्हिणी घाटाने आलो. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटत होती. बस, मोटारसायकली, दमलेले चेहरे आणि मागे न थांबणारी यंत्रं. मेघना गाइडना फोनवर सांगायची वाक्यं ओठांतल्या ओठांत जुळवत होती. मी गाडी हळू चालवली.

पुण्याला पोचून आता आठवडा झाला. डोळे मिटले की आंबेनळीचं धुकं दिसतं, आणि त्यातून न वाचलेला एक लेख चहाच्या कपावरून, फळ्यावरून, वहीतून कुठून कुठे चाललेला. मेघनाने गाइडना फोन काल संध्याकाळी केला, माझ्या गॅलरीत उभी राहून. आत आली तेव्हा चेहरा मोकळा होता.

"आधी सर कसे आहेत विचारलं. मग म्हणाले, लिही. माझं नाव त्यांच्या लगेच खाली घाल."